मॅरेथॉन (१९९४) : मॅकिंटॉशवरचा गोळीबाराचा खेळ, जो थांबून वाचायला लावायचा

मुद्रितशोधक | शुक्रवार, रात्री ११.२०

पीसीवरच्या डूम या गोळीबाराच्या खेळावर इथे भरपूर लिहून झालंय आणि तो खेळ तेवढा मोठा आहेच. पण त्या काळात ज्यांच्यासमोर पीसी नव्हता, मॅक (अ‍ॅपलचा मॅकिंटॉश) होता, त्यांच्या वाट्याला एक वेगळाच खेळ आला. त्याच्याबद्दल मराठीत लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. कितीतरी दिवस मनात होतं, आज बसलोच.

१९९६ मध्ये मी प्रभादेवीच्या एका डीटीपी स्टुडिओत ऑपरेटर म्हणून लागलो. बारावी मराठी माध्यमातून, नंतर छपाईचा कोर्स. घरी कॉम्प्युटर असण्याचा प्रश्नच नव्हता. स्टुडिओत चार मॅक होते, त्यातला एक पॉवर मॅक, बाकीचे जुने. दिवसभर क्वार्क या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये ब्रोशरं आणि वार्षिक अहवाल लावायचे, संध्याकाळी फाइल आउटपुटला पाठवायची आणि छपाईसाठीची पॉझिटिव्ह फिल्म हातात पडेपर्यंत जागत बसायचं. कधी बारा, कधी दोन. अशाच एका रात्री मालक म्हणाले, "झोप येतेय ना? हे बघ." आणि त्यांनी पॉवर मॅकवर मॅरेथॉन सुरू करून दिला.

शिकागोच्या बंजी या कंपनीचा हा खेळ. अ‍ॅलेक्स सेरोपियन यांनी १९९१ मध्ये कंपनी काढली, पाठोपाठ जेसन जोन्स आले. १९९३ मध्ये त्यांनी 'पाथवेज इंटू डार्कनेस' काढला आणि २१ डिसेंबर १९९४ ला मॅरेथॉन. फक्त मॅकसाठी. तेव्हा मॅकवाल्यांना खेळ मिळायचे ते बहुधा दुसरीकडून उशिरा आलेले. हा मात्र त्यांच्यासाठीच बनलेला होता, आणि माउसने वर-खाली बघता येणं, दोन हातांत दोन पिस्तुलं धरणं या गोष्टी त्यात होत्या.

कथा अशी. साल २७९४. मंगळाचा धाकटा चंद्र डायमॉस पोखरून त्याचं एक प्रचंड जहाज केलंय, त्याचं नाव मॅरेथॉन. टाऊ सेटी ताऱ्याजवळ माणसांची वसाहत उभी राहिलीय आणि जहाज तिथेच घिरट्या घालतंय. तुम्ही सुरक्षा अधिकारी. वसाहतीतून छोट्या यानाने जहाजाकडे निघालेले असताना फोर नावाचे परग्रहावरचे जीव हल्ला करतात. तुम्ही जहाजावर पोचता तेव्हा सगळीकडे अंधार, धावपळ आणि मधूनच किंकाळ्या.

जहाजाचा कारभार तीन बुद्धिमान यंत्रणा बघतात. टायको, ड्युरॅन्डल आणि लीला.

हो, लीला! पहिल्या टर्मिनलवर ते नाव वाचलं आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. शिकागोच्या पोरांना ते कुठून सुचलं देव जाणे, पण माझ्या आत्याचं नाव लीला. चौथी शिकलेली, पण साऱ्या वाड्याचा हिशोब तोंडपाठ. ही लीलाही तशीच निघाली. जहाजावर हलकल्लोळ चाललेला असताना ती शांतपणे सांगते, या दाराने जा, एवढी माणसं अजून अडकलीत, माझ्या हातात आता इतकंच उरलंय.

मला मुख्य सांगायचंय ते टर्मिनलांबद्दल. भिंतीत बसवलेले पडदे असतात, जवळ जाऊन कळ दाबली की काळ्यावर हिरवी अक्षरं उमटतात. कथा सगळी तिथेच. मध्ये चित्रफीत नाही, कोणी बोलून दाखवत नाही. आणि तुम्ही वाचत असताना खेळ थांबत नसतो. खोली साफ केल्याशिवाय वाचायला उभे राहिलात तर पाठीत बसते. त्यामुळे आधी लढाई, मग शांतता, मग वाचन, अशी एक लयच लागते. काही टर्मिनलं मुख्य वाटेवर, काही आडबाजूला दडवलेली. त्यांच्यात कुठे जहाजाची तांत्रिक माहिती, कुठे कुणाचं तरी अर्धवट पत्र, कुठे नुसताच तुटका मजकूर.

माझं इंग्रजी तेव्हा प्रूफं जुळवण्याइतकंच होतं. अक्षर ओळखायचो, अर्थ नाही. लीलाचं मला समजायचं, कारण ती सोपं आणि थेट लिहायची. मग ड्युरॅन्डल बोलायला लागला. तो लांबलचक लिहितो, टोमणे मारतो, मध्येच इतिहासात शिरतो. त्याच्यासाठी मी स्टुडिओतला शब्दकोश उशाला घेतला आणि बाद प्रूफांच्या पाठकोऱ्या बाजू शिवून एक वही केली. अडलेला शब्द डावीकडे, अर्थ उजवीकडे. ती वही अजून आहे. पुढे मी मुद्रितशोधनाकडे वळलो त्याचं मूळ त्या वहीत आहे, असं मी मनापासून मानतो.

ड्युरॅन्डल कोण? तर जहाजाची दारं उघड-बंद करणारी यंत्रणा. अफाट बुद्धी, आणि काम काय, तर कुणी आलं की दार उघड, गेलं की लाव. त्याचं पुढे काय होतं ते सांगून न खेळलेल्यांचा विरस करणार नाही. पण रात्री एक वाजता रिकाम्या स्टुडिओत, आउटपुटच्या फोनची वाट बघताना, त्या दार उघडणाऱ्याचा संताप मला जितका कळला तितका कुठल्या कथेतल्या माणसाचा तोवर कळला नव्हता.

कुणी खेळलंय का इथे? मॅकवर, नंतर पीसीवर, कसंही. लिहा.

---

तिमिंगल | शनिवार, सकाळी ७.०५

खेळलेलो नाही, पण धागा माझ्या अंगणातला आहे म्हणून लिहितो. टाऊ सेटी हा तिमिंगल तारकासमूहातला तारा. आपल्यापासून जेमतेम १२ प्रकाशवर्षं, आणि जातकुळी आपल्या सूर्याशी मिळतीजुळती. नुसत्या डोळ्यांनी दिसतो. डिसेंबरात रात्री आठ-नऊच्या सुमारास दक्षिणेकडे बघा, गावाबाहेर असाल तर सहज सापडेल.

परग्रहावरच्या लोकांची गाठ याच ताऱ्याजवळ पडते यालाही पार्श्वभूमी आहे. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी प्रोजेक्ट ओझ्मात रेडिओ दुर्बीण लावून परग्रहावरचे संदेश ऐकायचा पहिला प्रयत्न केला, तेव्हा निवडलेल्या दोन ताऱ्यांपैकी एक हाच होता. दुसरा एप्सिलॉन एरिडनी.

डायमॉसची सरासरी रुंदी १२ किलोमीटरच्या आसपास. चंद्र म्हणून चिमुकला, पण जहाज म्हणून विचार केला तर आत एक शहर मावेल. मजा म्हणजे डूमचा दुसरा भागही डायमॉसवरच घडतो. सलग दोन वर्षांत दोन वेगळ्या चमूंना मंगळाचा तोच दगड हवासा वाटला.

---

रात्रपाळी | शनिवार, सकाळी १०.४०

मुशो, लेख आवडला, पण दुसरी बाजूही नोंदवतो. मी डूमवर वाढलो आणि २००६ च्या सुमारास, या मालिकेचे तिन्ही भाग फुकट झालेत असं कळल्यावर मॅरेथॉन उतरवून घेतला. सात-आठ पातळ्यांनंतर सोडला.

कारणं सांगतो. एक, वाट सापडत नाही. सगळे बोळ सारखे, कुठला तरी खटका दाबायचा राहून जातो आणि अर्धा तास रिकाम्या जहाजात पायपीट. दोन, उडी मारायची सोयच नाही, आणि वर-खाली होणाऱ्या फळ्यांची कोडी मात्र आहेत. 'कॉलनी शिप फॉर सेल, चीप' या पातळीने लोक किती छळले गेलेत ते जुन्या खेळाडूंना विचारा. तीन, खेळ हवा तेव्हा जतन करता येत नाही. त्यासाठी भिंतीतला ठरावीक पॅटर्न बफर शोधायचा, आणि तो नेमका दोन दारं आधी मागे राहिलेला असतो.

डूममध्ये पाय आणि बंदूक एका तालात चालतात. इथे मला सारखं अडल्यासारखं झालं.

---

मुद्रितशोधक | शनिवार, दुपारी १.१५

रात्रपाळी, कोड्यांबद्दल पूर्ण सहमत. त्या पातळीवर माझे तीन आठवडे गेले आणि ती अजूनही मला आवडत नाही. दूरच्या पॅटर्न बफरबद्दल मात्र मतभेद. शेवटचा बफर बराच मागे राहिलाय, ढाल संपत आलीय, आसपासची हालचाल दाखवणाऱ्या मोशन सेन्सरवर ठिपका सरकतोय आणि तो माणूस आहे की फोर हे अजून कळायचंय. ही भीती खेळ हवा तिथे जतन करता आला असता तर उरली नसती. निर्वात पातळीवर तर याहून बिकट. तिथे बहुतेक बंदुका चालतच नाहीत, फ्यूजन पिस्तुलावर भिस्त, आणि वर प्राणवायू घटतोय.

तुम्ही म्हणता ते अडल्यासारखं होणं मलाही झालं. फक्त मी अडलो तिथे बहुतेक वेळा वाचायला काहीतरी होतं.

---

शून्याधारित | शनिवार, दुपारी ४.३०

अंतर्रचनेबद्दल थोडं. या खेळाचा कोड मी नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचला होता आणि त्यातून बरंच शिकलो.

डूम आणि मॅरेथॉन दोन्हींचे नकाशे मुळात सपाट कागदावरचे. खोलीला जमीन किती उंच आणि छत किती उंच एवढंच सांगायचं. डूममध्ये तो कागद एकच असतो, म्हणून एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली ठेवता येत नाही. मॅरेथॉनमध्ये जागा बहुभुजांची बनते आणि प्रत्येक बाजूला फक्त आपला शेजारी माहीत असतो. इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्रॅम, तुम्ही उभे आहात त्या बहुभुजापासून सुरू करतं आणि दिसणाऱ्या बाजूंमधून शेजाऱ्याकडे, तिथून त्याच्या शेजाऱ्याकडे असं चित्र काढत जातं. कागदावर दोन खोल्या एकमेकींवर पडल्या तरी त्याला फरक पडत नाही, कारण वाट वेगळी आहे. म्हणून पूल आणि त्याखालचा रस्ता होतो. एवढंच काय, खांबाला एक फेरी मारून परत आलात तर वेगळ्याच खोलीत पोचाल, असाही नकाशा करता येतो. रात्रपाळी यांची वाट चुकण्यामागे हेही एक कारण असणार!

दुसरी सुंदर गोष्ट म्हणजे 'फिल्म'. खेळलेली पातळी साठवून पुन्हा बघता येते, पण फाइल अगदी लहान. कारण त्यात चित्र नसतंच. सेकंदाला ३० ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला तुम्ही कोणत्या कळा दाबल्या एवढंच. बाकी सगळं इंजिन नव्याने घडवतं आणि ते दर वेळी तंतोतंत तसंच घडतं. नेटवर्कवर खेळतानाही हीच युक्ती, प्रत्येकाच्या फक्त कळा सगळ्यांकडे फिरवायच्या. सुरुवातीच्या पद्धतीत माहितीचं एकच पुडकं खेळाडूंच्या कड्यातून गोल फिरायचं. म्हणून एक यंत्र रेंगाळलं की सगळेच रेंगाळायचे.

बंजीने २००० च्या जानेवारीत दुसऱ्या भागाचा कोड खुला केला, त्यातून आलेफ वन हा प्रकल्प उभा राहिला, आणि तो आजही हौशी लोक सांभाळताहेत.

---

सोनचाफा | शनिवार, रात्री ९.५०

शून्याधारित, "एक यंत्र रेंगाळलं की सगळेच रेंगाळायचे" हे वाचून पुण्यातलं ऑफिस डोळ्यांसमोर आलं. मी १९९७ ते २००० एका जाहिरात संस्थेत चित्रकार होते. आमच्याकडे मॅक एकमेकांना फोनच्या साध्या वायरने जोडलेले होते. प्रत्येक मॅकमागे एक छोटी डबी, डबीतून डबीत टेलिफोनची वायर, आणि साखळीच्या दोन्ही टोकांच्या डब्यांत एकेक रेझिस्टर खोचलेला. तो निघाला की प्रिंटरही रुसायचा आणि मॅरेथॉनही.

महिन्यातून एखाद्या शनिवारी काम लवकर आटपलं की आम्ही पाच-सहा जण खेळायचो. खेळ आठ जणांपर्यंत चालायचा, पण तेवढी यंत्रं आमच्याकडे नव्हती. मी एकटीच मुलगी. पहिल्या दिवशी मला सगळ्यात जुना मॅक दिला आणि सगळ्यांचाच खेळ अडखळायला लागला, तेव्हा आमच्या स्टुडिओप्रमुखांनी स्वतः उठून मला त्यांची खुर्ची दिली. म्हणाले, "तू इथे बस, मी स्कोअर लिहितो." त्यानंतर दर वेळी त्यांनी स्कोअरच लिहिला, ले-आउट पॅडवर, प्रत्येकाच्या नावासमोर उभ्या रेघा मारून. तीन वर्षांत ते एकदाही खेळले नाहीत आणि एकही शनिवार चुकवला नाही.

दुसऱ्या भागात खेळाचे प्रकार वाढले. टेकडी कोण राखतो, चेंडू कोणाकडे, शिवाय सगळ्यांनी मिळून मूळ कथा खेळायची सोय. पहिल्या भागाला सेरोपियन यांचं संगीत होतं, दुसऱ्यात ते काढून नुसते परिसराचे आवाज ठेवले. वारा, पाण्याची खळखळ, लांब कुठेतरी यंत्राची घरघर. मला दुसऱ्याचाच आवाज जास्त आवडतो. पाठीमागे कोण आलंय ते कळतं.

---

अनाहूत | रविवार, सकाळी ८.१५

वाचनखूण साठवली. एक मुद्दा राहिला असं वाटतं म्हणून लिहितो. (कथेचा थोडा भाग फुटेल, न खेळलेल्यांनी हा प्रतिसाद सोडून पुढे जावं.)

या मालिकेत यंत्राला जाग येण्याची एक कल्पना आहे, इंग्रजीत त्याला रॅम्पन्सी म्हटलंय. मी मराठीत 'बेफाम होणं' म्हणेन. तिच्या तीन पायऱ्या आहेत, खिन्नता, मग क्रोध, मग मत्सर. यातले दोन आपल्या षड्रिपूंच्या यादीत जसेच्या तसे आहेत. पण क्रम बघा, सुरुवात खिन्नतेपासून होते. आपण कोण आहोत हे कळण्याआधी आपलं काहीतरी चुकतंय एवढंच त्याला कळतं. पुढे क्रोध, आणि शेवटी मत्सर, म्हणजे अजून हवं, अजून मोठं व्हायचंय, या जहाजात मावत नाही.

मुशो म्हणतात तो दारांचा भाग इथे महत्त्वाचा. ड्युरॅन्डल आपोआप बेफाम होत नाही. त्याला मुद्दाम डिवचत ठेवणारा एक शास्त्रज्ञ कथेत आहे, स्ट्रॉस नावाचा. म्हणजे यंत्र बिघडलं असं ते नाही, माणसाने त्याला त्या टोकाला नेलं. १९९४ मध्ये एका गोळीबाराच्या खेळात हे लिहिलं गेलं याचं मला आजही अप्रूप वाटतं. ग्रेग कर्कपॅट्रिक यांचा या लेखनात मोठा हात होता, तिसऱ्या 'इन्फिनिटी'ची कथाही त्यांच्याच चमूची. ती फार गुंतागुंतीची आहे, दोनदा खेळूनही मला पूर्ण उलगडलेली नाही.

ड्युरॅन्डल हे फ्रेंच वीरगाथेतल्या रोलांच्या तलवारीचं नाव. बंजीने पुढे हेलो हा खेळ काढला, त्यातल्या कॉर्टाना या बुद्धिमान यंत्रणेचं नावही त्याच गाथांच्या परंपरेतल्या एका तलवारीवरूनच आलं.

---

रात्रपाळी | रविवार, सकाळी ११.३०

अनाहूत, हे मला माहीतच नव्हतं. मी टर्मिनलं भराभर पुढे ढकलत गेलो होतो, कुठे जायचं तेवढं वाचून. आता वाटतं, मी वेगळाच खेळ खेळलो.

आज उतरवून घ्यायचा तर कुठून घ्यायचा?

---

जर्सीकर | रविवार, रात्री ८.४५

रात्रपाळी, आलेफ वनच्या स्थळावर तिन्ही भाग मोफत आहेत, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांसाठी. २०२४ पासून स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातही 'क्लासिक मॅरेथॉन' या नावाने फुकट मिळतो. जुन्या लॅपटॉपवरही छान चालतो. पहिल्यांदा कळांची मांडणी बदलून घ्या, मूळची आजच्या हाताला बसत नाही. बंजीने २०२३ मध्ये याच नावाच्या नव्या खेळाची घोषणा केली, तो नेटवर्कवरचा आणि वेगळ्या धाटणीचा. शोधताना गल्लत करू नका.

मुशो, तुमचा धागा शुक्रवारी वाचला आणि काल तेरा वर्षांच्या लेकीला शेजारी बसवून पहिला भाग सुरू केला. आमचं घरात ठरलेलं आहे, शनिवारी मराठीतच बोलायचं. म्हणून टर्मिनल आलं की ती इंग्रजीत वाचायची आणि मग मला मराठीत सांगायची. पहिल्या दोन टर्मिनलांना तिला कंटाळा आला. तिसऱ्यापासून ती स्वतःच म्हणायला लागली, "बाबा, आधी सगळ्यांना मार, मग वाचू."

ड्युरॅन्डलपर्यंत अजून पोचलो नाही. पण तिचे दोन प्रश्न आहेत आणि मला उत्तरं देता आली नाहीत. एक, लीला शेवटी बचावते का? दोन, ते फोरांचे गुलाम, तरंगणारे, अंगरख्यातले, त्यांचं नाव मराठीत कसं लिहायचं? इंग्रजीत त्यात एकही स्वर नाही. ती खेळाची रोजनिशी लिहितेय, मराठीत, म्हणून हवंय.

---

मुद्रितशोधक | रविवार, रात्री १०.१०

जर्सीकर, रोजनिशीचं वाचून फार बरं वाटलं. तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

लीलाचं सांगू नका, तिलाच शोधू दे. फक्त एवढं सांगा की दुसऱ्या भागातही टर्मिनलं नीट वाच, तिथे लीलाचा उल्लेख सापडेल.

नावासाठी आत्ता कपाटातून वही काढली. पान सातवर आहे. मी आधी 'सफट' लिहून खोडलंय, मग 'स्पिट' लिहून खोडलंय, आणि शेवटी 'स्फ्ट' लिहून खाली दोन रेघा मारल्यात. आपल्या जोडाक्षरात ते बरोबर बसतं, मध्ये स्वर घालावा लागत नाही. तिला म्हणावं स पूर्ण लिहू नकोस, फ पण नको, पाय मोडून ट ला जोड.